लघवीतून मूत्राशयाचा कर्करोग ओळखणाऱ्या चाचण्या : चार वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

मूत्राशयाच्या कर्करोगासाठी लघवीची एखादी चाचणी करावी का, आणि करायची तर कोणती, असे गेल्या चार वर्षांत मला नात्यातल्या आणि ओळखीतल्या अनेकांनी विचारले आहे. प्रत्येकाला फोनवर तेच पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या अप्पांच्या आजारपणात यांतल्या दोन चाचण्या मी जवळून पाहिल्या, त्यांचे रिपोर्ट वाचले आणि एकदा चुकीच्या रिपोर्टवर विसंबून आम्ही निर्धास्तही झालो. बाजारात आलेल्या नव्या चाचण्या मी वापरलेल्या नाहीत. त्यांच्याविषयी जे लिहिले आहे ते वाचून आणि आमच्या युरोलॉजिस्टना विचारून लिहिले आहे.

अप्पांनी इचलकरंजीच्या एका प्रोसेसिंग हाऊसमध्ये रंगखात्यात बावीस वर्षे काम केले आणि त्याहून अधिक वर्षे बिडी ओढली. एका मे महिन्यात त्यांची लघवी लाल झाली. दुखणे नाही, जळजळ नाही, ताप नाही. घरात सगळ्यांनी ठरवून टाकले की उन्हाळी लागली असेल, आणि धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, ताक असे उपचार सुरू झाले. दोन दिवसांत रंग निवळला आणि विषय संपला. पुढे जुलैत तसेच पुन्हा झाले, तेव्हा आम्ही मिरजेला गेलो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न बिडीचा विचारला आणि दुसरा रंगाचा. त्या दुसऱ्या प्रश्नाचे मला तेव्हा नवल वाटले होते. नंतर कळले की रंगाच्या कारखान्यातील कामगार आणि हा आजार यांचा संबंध लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने फ्रँकफर्टमध्ये १८९५ सालीच मांडला होता. रंगांतील काही अॅरोमॅटिक अमाइन्स आणि तंबाखूच्या धुरातील तशीच द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडात गाळली जातात आणि लघवीबरोबर मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. अस्तराला त्यांचा सर्वांत दीर्घ स्पर्श तिथेच होतो. अप्पांच्या बाबतीत बिडीचा वाटा किती आणि रंगाचा किती, याची वाटणी करता येत नाही.

हे सांगण्याचे कारण असे की लघवीच्या सगळ्या चाचण्यांचे तत्त्वही याच गोष्टीत आहे. मूत्राशयाचे अस्तर सतत पेशी टाकत असते, आणि कर्करोगाच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून राहत नसल्यामुळे अधिकच सहज सुटतात. म्हणजे गाठीचा पुरावा दर चार तासांनी आपोआप, विना सुई, विना भूल बाहेर येत असतो. तो वाचायचा कसा, एवढाच प्रश्न आहे, आणि प्रत्येक चाचणी त्याचे वेगळे उत्तर देते.

आमच्या वाट्याला प्रथम आली ती कार्डाची चाचणी, एनएमपी२२ ब्लॅडरचेक. गर्भचाचणीच्या पट्टीसारखे दिसणारे हे पांढरे प्लास्टिकचे कार्ड असते. अप्पांनी डबीत दिलेल्या ताज्या लघवीचे चार थेंब सिस्टरनी ड्रॉपरने कार्डाच्या खोलगट भागात सोडले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून कार्डावर पेनाने वेळ लिहिली आणि ते टेबलावर सपाट ठेवले. ओलावा कागदातून पुढे सरकताना दिसत होता. अर्ध्या तासाने एक रेघ ठसठशीत उमटली, ती चाचणी नीट चालल्याची. दुसरी उमटली नाही. रिपोर्ट निगेटिव्ह. अप्पा लगेच चपला घालायला उठले. डॉक्टरांनी त्यांना बसवले आणि म्हणाले, "काका, हे कार्ड काही म्हणू दे, दुर्बीण मी करणारच." चार दिवसांनी दुर्बिणीतून, म्हणजे लघवीच्या वाटेने मूत्राशयात नळी घालून पाहिल्यावर, हरभऱ्याएवढी गाठ दिसली. ती काढल्यावर बायोप्सीत कळले की ती अस्तराच्या वरच्या थरापुरतीच आहे, पण हाय-ग्रेड, म्हणजे वेगाने वाढू आणि पसरू शकणारी आहे.

कार्ड खोटे ठरले म्हणून मी ते टाकाऊ मानत नाही, पण त्याच्याबद्दलचे आकडे वाचल्यावर आमचा अनुभव अपवाद नव्हता हे लक्षात आले. पेशींच्या केंद्रकातील एक प्रथिन लघवीत ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त आहे का, एवढेच हे कार्ड पाहते. २००५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या कार्डावरचा एक मोठा अभ्यास आला. लक्षणे किंवा जोखीम असलेल्या १३३१ व्यक्तींपैकी ७९ जणांना कर्करोग निघाला. कार्डाने त्यांतले ४४ पकडले आणि ३५ सोडले. उलट बाजूने, ज्यांना कर्करोग नव्हता अशा दर सात माणसांमागे एकाला कार्डाने विनाकारण पॉझिटिव्ह ठरवले, कारण मुतखडा, जंतुसंसर्ग किंवा नुकतीच आत घातलेली नळी यांनीही ते प्रथिन वाढते. त्याच अभ्यासात एक गोष्ट मात्र कार्डाच्या बाजूची आहे आणि ती सांगणे न्याय्य ठरेल. दुर्बिणीने ७९ पैकी ७० कर्करोग शोधले. दुर्बीण आणि कार्ड मिळून ७४ सापडले. म्हणजे दुर्बिणीच्या जोडीला कार्ड थोडी भर घालते. दुर्बिणीच्या ऐवजी ते वापरणे धोक्याचे आहे. आमच्या डॉक्टरांनी ते जोड म्हणूनच वापरले, आणि कार्डाचा निकाल ऐकूनही ते थांबले नाहीत याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

दुसरी चाचणी सायटॉलॉजी, आणि हिच्याबद्दल मला सर्वांत जास्त लिहायचे आहे. ही या सगळ्यांतली सर्वांत जुनी. गर्भाशयमुखाच्या तपासणीमुळे ज्यांचे नाव घरोघरी पोहोचले त्या जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी मार्शल यांच्यासह १९४५ मध्ये लघवीच्या गाळातून मूत्रमार्गाचे कर्करोग ओळखता येतात हे दाखवले. पद्धत आजही मुळात तीच आहे: लघवी फिरवून पेशी खाली बसवायच्या, काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पाहायच्या. खर्च काही शे रुपयांचा आणि तालुक्याच्या गावीही सोय असते. पण ही चाचणी किती चांगली हे नमुना कसा घेतला आणि काच कोणी पाहिली यांवर जितके अवलंबून आहे, तितके दुसऱ्या कोणत्याही चाचणीचे नसेल.

शस्त्रक्रियेनंतर अप्पांना मूत्राशयात बीसीजीचे सहा डोस दिले गेले, आठवड्याला एक. क्षयाच्या लसीतला हाच जिवाणू मूत्राशयात सोडला की तिथली प्रतिकारशक्ती जागी होऊन उरल्यासुरल्या कर्कपेशींवर तुटून पडते. कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये हा उपचार प्रसिद्ध केला आणि आज तो जगभर चालतो. तीन महिन्यांनी पहिली फेरतपासणी होती. दुर्बिणीआधी सायटॉलॉजी करून या, असे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले होते. आम्ही घराजवळच्या एका लॅबमध्ये गेलो. तिथल्या मुलाने अप्पांना डबी दिली आणि सांगितले, "आजोबा, उद्या सकाळी उठल्याउठल्या पहिली लघवी यात धरा." नेहमीच्या लघवी तपासणीला तसेच सांगतात, त्यामुळे आम्हालाही त्यात काही वावगे वाटले नाही. डबी सकाळी सहाला भरली, लॅब आठला उघडली, आणि काच कधी तयार झाली कोण जाणे. रिपोर्ट आला तो एका ओळीचा: कर्करोगाच्या पेशींसाठी निगेटिव्ह. आईने देवापुढे साखर ठेवली.

डॉक्टरांनी तो रिपोर्ट वाचला आणि बाजूला ठेवला. रात्रभर मूत्राशयात साठलेल्या लघवीत पेशी फुगतात, फुटतात, ओळखू येत नाहीत, म्हणून पहिली लघवी या तपासणीला चालत नाही, हे त्यांनी समजावून सांगितले. त्यांनी मोठ्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात तीन दिवसांचे तीन नमुने द्यायला लावले. सकाळची लघवी होऊन गेल्यावर, पाणी पिऊन, थोडे चालून-फिरून आल्यानंतरची दुसरी लघवी. डबी निम्म्याहून जास्त भरलेली, निदान तीस मिलिलिटर तरी. आणि डबी तिथल्या तिथे, ताजी, हातात द्यायची. अप्पा रुग्णालयाच्या व्हरांड्यात घड्याळ बघत फेऱ्या मारत होते आणि मी पाण्याची बाटली घेऊन मागोमाग, हे तिन्ही दिवस मला स्पष्ट आठवतात. तिसऱ्या नमुन्याच्या रिपोर्टमध्ये लिहिले होते: हाय-ग्रेड युरोथेलियल कार्सिनोमा, म्हणजे अस्तराचा हाय-ग्रेड कर्करोग.

दुर्बिणीत मात्र गाठ नव्हती. अस्तरावर काही लालसर चट्टे होते, आणि बीसीजीनंतर तसे चट्टे नेहमीच दिसतात. सायटॉलॉजीचा कागद हातात नसता तर ते बीसीजीचे समजून सोडून दिले गेले असते, असे डॉक्टर स्वतःच म्हणाले. त्यांनी त्या चट्ट्यांच्या बायोप्सी घेतल्या आणि त्यांत कार्सिनोमा इन सिटू निघाला. हा कर्करोग गाठ करून वर येत नाही. शेवाळासारखा सपाट पसरतो, डोळ्यांना चकवतो आणि दुर्लक्षित राहिला तर खाली स्नायूत उतरण्याची भीती मोठी. अप्पांना बीसीजीचे आणखी सहा डोस मिळाले आणि त्यानंतरच्या सर्व तपासण्या आजवर स्वच्छ आहेत. त्यामुळे या जुन्या, स्वस्त, ऐंशी वर्षांच्या चाचणीबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो आकड्यांच्या पलीकडचा आहे.

आकडेही हेच सांगतात, मात्र एका अटीवर. हाय-ग्रेड कर्करोग असेल तर सायटॉलॉजी तो साधारण ८४ टक्के वेळा पकडते. लो-ग्रेड, म्हणजे सावकाश वाढणारा असेल तर जेमतेम १६ टक्के वेळा. वर सांगितलेल्या २००५ च्या अभ्यासात तर ज्यांची सायटॉलॉजी झाली त्या ७६ कर्करोगांपैकी फक्त १२ तिला दिसले. पण तिने कर्करोग नसलेल्यांना उगाच पॉझिटिव्ह म्हणण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होते. कारण सूक्ष्मदर्शकाखाली आहे. हाय-ग्रेड पेशीचे केंद्रक मोठे, काळपट, वेड्यावाकड्या कडेचे असते आणि जवळजवळ सगळी पेशी व्यापून टाकते. अनुभवी डोळ्याला ती लपत नाही. लो-ग्रेड पेशी मात्र निरोगी पेशीच्या सख्ख्या बहिणीसारखी दिसते. म्हणून सायटॉलॉजी "आहे" म्हणाली तर धावायचे. "नाही" म्हणाली तर तिने नेमके कशाला नाही म्हटले ते वाचायचे.

ते वाचण्याची सोय आता रिपोर्टमध्येच झाली आहे. २०१३ मध्ये पॅरिसला जमलेल्या पेशीतज्ज्ञांनी लघवीच्या सायटॉलॉजीचे रिपोर्ट कसे लिहावेत याची एक पद्धत ठरवायला घेतली आणि २०१६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. पॅरिस पद्धतीच्या रिपोर्टमध्ये नुसते "निगेटिव्ह" लिहीत नाहीत. "हाय-ग्रेड युरोथेलियल कार्सिनोमासाठी निगेटिव्ह" असे लिहितात. म्हणजे लो-ग्रेड गाठीबद्दल या कागदाने कसलीही हमी दिलेली नाही. नमुना अपुरा असेल तर तसे लिहिण्याची, आणि पेशी संशयास्पद पण निर्णायक नसतील तर तेही लिहिण्याची वेगळी जागा त्यात आहे. घराजवळच्या लॅबच्या एका ओळीच्या रिपोर्टमध्ये यांतले काहीच नव्हते. त्या लॅबशी माझे वैर नाही. तो मुलगा त्याला शिकवले तसे वागला. पण कर्करोगाच्या फेरतपासणीला आलेल्या माणसाला नमुना कसा द्यावा हे सांगणारा एक छापील कागद डबीबरोबर द्यायला काहीच अवघड नाही, आणि तो न देणे ही सेवेतली मोठी उणीव आहे. आपण सायटॉलॉजीला जाल तेव्हा रिपोर्ट पॅरिस पद्धतीने मिळेल का, असे आधी विचारा. चिठ्ठीवर बीसीजी, मुतखडा, कॅथेटर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांचा उल्लेख डॉक्टरांकडून करून घ्या, कारण या सगळ्यांनी पेशींचे रूप बदलते आणि काच पाहणाऱ्याला ते माहीत असायला हवे.

आता नव्या चाचण्यांविषयी. या पेशीचे रूप पाहत नाहीत, तिच्या आतले संदेश आणि डीएनए वाचतात. यूरोव्हिजन ही त्यांतली सर्वांत स्थिरावलेली. ती चमकणाऱ्या रंगांनी ३, ७ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांची संख्या वाढली आहे का आणि ९ क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक तुकडा हरवला आहे का ते दाखवते. सायटॉलॉजी "संशयास्पद" म्हणून अडली की तिचा उपयोग होतो. न्यूझीलंडमधील ड्युनेडिनच्या पॅसिफिक एज या कंपनीची सीएक्सब्लॅडर पाच जनुकांचे संदेश मोजते; त्यांतले एक जनुक दाहाचे आहे, म्हणजे जंतुसंसर्गामुळे झालेली गडबड वेगळी काढता यावी. तिथे रुग्ण घरीच नमुना घेऊन पाठवतो आणि लघवीत रक्त आलेल्यांपैकी कोणाची दुर्बीण टाळता येईल हे ठरवायला काही सरकारी रुग्णालये ती वापरतात. इस्रायलच्या न्यूक्लिक्स कंपनीची ब्लॅडर एपिचेक डीएनएवरील पंधरा रासायनिक खुणा पाहून शून्य ते शंभर असा एक गुण देते. साठ किंवा अधिक म्हणजे पॉझिटिव्ह. तिला २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेची मान्यता मिळाली.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटली ती एक्स्पर्ट ब्लॅडर कॅन्सर. कारण ती ज्या यंत्रावर चालते ते जीनएक्स्पर्ट आपल्याकडे क्षयरोगाच्या तपासणीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचलेले आहे. थुंकीच्या काडतुसाऐवजी लघवीचे काडतूस घालायचे, आणि साधारण दीड तासात पाच जनुकांच्या संदेशांवरून निकाल. यंत्र तेच, तंत्रज्ञ तोच; फक्त काडतूस वेगळे, आणि नेमके तेच काडतूस आम्हाला सांगली-मिरजेत मिळाले नाही. क्षयासाठी जे करून दाखवले ते कर्करोगासाठी का होऊ नये, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. अर्थात युरोपीय युरोलॉजी संघटनेच्या मार्गदर्शक सूचना आजही स्पष्ट आहेत की लघवीची कोणतीही चाचणी दुर्बिणीची जागा घेऊ शकत नाही, आणि मला हे मान्य आहे. पण हाय-ग्रेड रुग्णाला पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी दुर्बीण करावी लागते. अप्पांसारखा माणूस प्रत्येक वेळी आदल्या रात्री जेवत नाही. त्यांच्या बरोबरीने शस्त्रक्रिया झालेले एक गृहस्थ तर नळीच्या भीतीने तिसऱ्या तपासणीनंतर आलेच नाहीत. मधल्या एखाद्या फेरीला भरवशाची लघवीची चाचणी चालली, तर अशी माणसे तपासणीच्या रांगेतून निसटणार नाहीत. या चाचण्यांची खरी किंमत मला तिथे दिसते.

आणखी एका कामाचा उल्लेख केल्याशिवाय हे पुरे होणार नाही, जरी ते अजून दुकानात मिळणारे उत्पादन नाही. इराणच्या गोलेस्तान प्रांतात २००४ ते २००८ या काळात सुमारे पन्नास हजार लोकांची नोंद करून त्यांचे नमुने जपून ठेवले होते. त्यांतल्या ज्यांना पुढे मूत्राशयाचा कर्करोग झाला, त्यांची जुनी लघवी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२० मध्ये तपासली. जवळजवळ निम्म्यांच्या लघवीत टर्ट नावाच्या जनुकातील, या कर्करोगाशी निगडित असलेला बदल सापडला, काहींच्या बाबतीत निदानाच्या दहा वर्षे आधी. ज्यांना कर्करोग झाला नाही अशा तुलनेतल्या लोकांत तो एकाच्याही लघवीत नव्हता. संख्या लहान होती, त्यामुळे घाईने काही म्हणू नये. तरीही रंगखात्यात, रबराच्या किंवा चामड्याच्या कामात आयुष्य घालवलेल्या आणि वर बिडी ओढणाऱ्या माणसांसाठी अशी चाचणी आली, तर ती प्रथम इचलकरंजीसारख्या गावांत यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आजच्या घडीला माझे मत विचाराल तर ते असे. लघवीत एकदाही रक्त दिसले, दुखत नसले तरी, तर कार्डाच्या निकालासाठी थांबू नका. सोनोग्राफी आणि दुर्बीण करून घ्या. शस्त्रक्रियेनंतरच्या फेरतपासणीत सायटॉलॉजी सोडू नका, पण ती पहिल्या लघवीची करू नका. यूरोव्हिजनवर खर्च सायटॉलॉजी अडली असेल तेव्हाच करावा. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांना डॉक्टरांनी एपिचेक किंवा सीएक्सब्लॅडर सुचवली, तर तिने कोणती दुर्बीण टळणार आहे आणि कोणती टळणार नाही, हे आधी विचारून घ्यावे.

अप्पांची पुढची तपासणी येत्या मंगळवारी आहे. डबी मी आदल्या दिवशीच आणून ठेवते आणि तिच्यावर त्यांच्या नावाखाली "दुसरी लघवी, वेळ" असे लिहून वेळेसाठी जागा सोडते. वेळ ते स्वतः, रुग्णालयाच्या व्हरांड्यातल्या घड्याळात पाहून, आपल्या हाताने घालतात.